सबॅटिकलचा दीड महिना गेला आणि दिवस काही हाती लागत नाही

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: अठरा वर्षं सलग नोकरी झाल्यावर सहा महिन्यांची सबॅटिकल, म्हणजे नोकरीतून लांब रजा, घेतली. जाताना भली मोठी यादी केली होती. वाचन, एक वाद्य शिकणं, व्यायाम, अर्धवट राहिलेलं लिखाण. आज दीड महिना झाला आणि यादीतलं जवळपास काहीच झालेलं नाही. उशिरा उठतो, इकडचं तिकडे करतो आणि बघता बघता संध्याकाळ होते. घरच्यांना वाटतं मी मजेत आहे, मला मात्र अपराधी वाटतं. रजा वाया चालली आहे का? लवकर परत रुजू होऊ का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देते. आधी दिलं तर मधलं तुम्ही वाचणार नाही.

नोकरदारांना दीर्घ रजेच्या आधी आणि रजेदरम्यान सल्ला देणं हे माझं गेल्या चौदा वर्षांचं काम. स्वतः दोनदा सबॅटिकल घेतली. पहिली चार महिन्यांची, ती सपशेल फसली. दुसरी आठ महिन्यांची, ती चांगली गेली. त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्यात थोडा इतरांचा अनुभव आहे आणि बरीचशी माझी फजिती.

तुमच्यासारखी माणसं माझ्याकडे नेमकी सहाव्या-सातव्या आठवड्यात येतात. पहिल्या आठवड्यात कोणी फिरकत नाही, तेव्हा सगळे खुशीत असतात. चौथ्या महिन्यानंतरही फारसं कोणी येत नाही. आणि येणारा प्रत्येक जण हेच वाक्य म्हणतो, 'दिवस कुठे जातो कळतच नाही'. म्हणजे तुमचं काही वेगळं बिघडलेलं नाही. तुम्ही जिथे आहात ती जागा ओळखीची आहे.

असं का होतं ते सांगते. नेदरलँड्समध्ये जेसिका द ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांचा सुट्टीत आणि सुट्टीनंतर माग ठेवला होता. तो अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. सुट्टी सरासरी २३ दिवसांची होती. माणसांची तब्येत आणि मनःस्थिती सुट्टी लागताच सुधारायला लागली, आठव्या दिवशी ती सर्वांत चांगली होती, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पुन्हा होती तिथे आली. मला यातला आठवा दिवस महत्त्वाचा वाटतो. सुट्टी म्हणून जे सुख असतं ते साधारण तेवढ्यात पिकतं. तुमच्या बाबतीत ते केव्हाच होऊन गेलं. त्यानंतर जे चाललं आहे त्याला आपण सवयीने सुट्टी म्हणतो, पण ते नोकरीशिवायचं रोजचं जगणं आहे, आणि तसं जगण्याचा सराव आपल्यापैकी फार थोड्यांना असतो.

पहिले दोन-तीन आठवडे तर हिशेबातच धरू नका. ते शरीराचे असतात. पुष्कळ जण रजा लागल्या लागल्या आजारी पडतात: डोकं दुखणं, सर्दी, अंग मोडून येणं. डच मानसशास्त्रज्ञ आद व्हिंगरहूट्स यांनी २००२ च्या सुमारास या प्रकाराचा अभ्यास केला आणि त्याला फुरसतीचं आजारपण अशा अर्थाचं नावही दिलं. मी पहिल्या सबॅटिकलच्या तिसऱ्या दिवशी तापाने झोपले ती आठवडाभर उठले नाही, आणि त्या आठवड्यातही अंथरुणात पडून 'आज वेळापत्रकातलं काय बुडालं' याचा हिशेब मांडत होते.

झोपेचंही तसंच. टिल रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सोशल जेटलॅग हा शब्द वापरात आणला. शरीराचं घड्याळ एक वेळ दाखवतं आणि कामाचं घड्याळ दुसरी, त्या दोन्हींतल्या तफावतीला त्यांनी हे नाव दिलं. वर्षानुवर्षं गजर लावून उठणारा माणूस ही तफावत अंगावर घेऊन जगत असतो. म्हणून सुरुवातीला भरपूर झोपलात तर ती थकबाकी वसूल होते आहे असं समजा. पण दीड महिन्यानंतरही उशिरा उठत असाल तर एकदा तपासून पाहा. दोन आठवडे गजर नाही, फोन झोपण्याच्या खोलीबाहेर, आणि सकाळी जाग आल्याची वेळ कागदावर. मला सगळे 'पहाटे उठणारी' म्हणून ओळखायचे. मीही तसंच समजायचे, थोडी ऐटही होती त्याची. बावीस वर्षं साडेपाचचा गजर होता. तो काढला आणि तिसऱ्या आठवड्यापासून माझी जाग सव्वासातच्या आसपास जी स्थिरावली ती स्थिरावलीच. सबॅटिकलमध्ये मला लागलेला हा पहिला शोध, आणि खरं सांगायचं तर तो मला आवडला नव्हता.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे येते.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव आहे. ते गाव एका कापड गिरणीवर जगायचं. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे जाऊन लोकांच्या रोजच्या जगण्याचा बारकाईने अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. गावात कामगारांचं वाचनालय होतं. आता वेळच वेळ, म्हणजे वाचन वाढायला हवं होतं. प्रत्यक्षात पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालीचा वेगही मोजला. पुरुष रेंगाळत चालायचे, पुन्हा पुन्हा थांबायचे. बायका त्यांच्यापेक्षा भरभर चालायच्या, कारण घरकाम काही बंद पडलेलं नव्हतं. दिवसभरात काय केलं ते लिहायला सांगितलं तर पुरुषांना उठणं, दुपारचं जेवण आणि झोपणं यांपलीकडे सांगण्यासारखं फारसं सुचेना.

त्यांची आणि तुमची बरोबरी करत नाही. त्यांच्या घरात दारिद्र्य होतं आणि पुढे काय होणार हे माहीत नव्हतं. तुमच्याकडे परतायची तारीख आहे. पण वेळ हातातून निसटतो कसा, हे त्या गावाइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही. याहोडा यांनी पुढे असं मांडलं की नोकरी पैशाखेरीज पाच गोष्टी देते. दिवसाला एक बांधणी देते, घराबाहेरच्या माणसांशी रोज गाठ घालून देते, एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या कामात सामील करून घेते, चारचौघांत ओळख देते आणि रोज काही ना काही करायला भाग पाडते. पगाराच्या स्लिपवर या पाचांतली एकही छापलेली नसते, त्यामुळे ती मिळते आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. रजा सुरू झाली त्या दिवशी तुमच्या पाचही गोष्टी एकदम थांबल्या. त्यानंतर वाद्य वाजवायला बसण्याची उमेद टिकली नाही तर त्यात आळशीपणाचा भाग किती, आणि बांधणीच नाहीशी झाल्याचा किती? माझ्या मते दुसराच जास्त.

मग बांधणी परत कशी आणायची? इथे लोक हमखास एक चूक करतात, मीही केली. पहिल्या सबॅटिकलला मी रंगीत तक्ता बनवला होता. नऊ ते साडेदहा नवी भाषा, पावणेअकरा ते साडेबारा लेखन, दुपारी दोन ते चार वाचन, असा रात्री नऊपर्यंत. पंधरा-पंधरा मिनिटांच्या फटीसुद्धा सोडल्या होत्या. ऑफिसात इतकी वर्षं जे केलं तेच घरी आणलं, फरक एवढाच की साहेब आणि कर्मचारी दोन्ही मीच. ताप उतरल्यावर तो तक्ता चार दिवस चालला. पाचव्या दिवशी सकाळचं एक काम लांबलं, मग पुढचं सगळं घसरलं, आणि एकदा घसरलेला तक्ता पुन्हा उभा राहत नाही. उरलेले तीन महिने तो भिंतीवरून माझ्याकडे बघत होता.

उलट टोकालाही जाऊन उपयोग नाही. श्टेफान सागमाइस्टर हे न्यूयॉर्कमधले नावाजलेले ग्राफिक डिझायनर. दर सात वर्षांनी ते आपला स्टुडिओ वर्षभर बंद ठेवायचे. पहिल्या खेपेला त्यांनी मुद्दाम काहीच ठरवलं नव्हतं, मोकळ्या वेळेतून आपोआप काहीतरी उगवेल अशी आशा होती. झालं असं की येईल जाईल त्याच्या फुटकळ मागण्या पुऱ्या करण्यात दिवस जायला लागले, आपण आपलेच इंटर्न, म्हणजे शिकाऊ मदतनीस, झालो असं त्यांनी नंतर सांगितलं. शेवटी त्यांनी आवडीच्या विषयांची यादी केली आणि शाळेसारखं वेळापत्रक आखलं. त्यांना ते मानवलं. सर्जनशील धंद्यातल्या माणसाला, ज्याला रोज नवीन काहीतरी हवं असतं, त्याला मानवेलही. मी ज्यांना सल्ला देते ते बहुतेक जण आधीच वेळापत्रकाने पिचलेले असतात. त्यांना शाळा नको असते.

मी त्यांना खुंट्या ठोकायला सांगते. दिवसाला तीन खुंट्या, जास्त नाहीत. खुंटी म्हणजे रोज त्याच वेळी होणारी, लहान, कोणाच्या परवानगीवर न अडणारी गोष्ट. एक सकाळी, एक दुपारी, एक संध्याकाळी. मधला वेळ मोकळा. त्यात वाचा, झोपा, खिडकीत बसा, काहीही करा.

माझ्या तीन अशा होत्या. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात बाहेर पडून पाऊण तास चालणं, फोन घरी ठेवून. दुपारी तीन वाजता हाताने करायचं एखादं काम: दुरुस्ती, शिवण, कपाट लावणं, कुंड्या. पडद्यासमोर बसून होणारं काम या वेळेला चालायचं नाही. आणि रात्री वहीत पाच ओळी. आज काय केलं ते नाही, आज काय दिसलं ते. हा फरक छोटा वाटतो, पण केलेल्याची यादी लिहायला बसलात की तिचा लगेच हजेरीपट होतो आणि अपराधीपणा दुप्पट. दिसलेलं लिहायचं म्हटलं की दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागतात.

खुंटी पक्की व्हायला वेळ लागतो हे लक्षात असू द्या. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडायला मध्यम मानाने ६६ दिवस लागलेले दिसले. कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने त्यात मोठा खंड पडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा चुकलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दीड तास चालू नका.

आता शोधांबद्दल. तुम्ही वाट पाहताय ती मोठ्या शोधाची: आपल्याला खरं काय करायचं आहे, आयुष्य कुठे वळवायचं आहे, वगैरे. तो कधी लागतो, कधी नाही. छोटे मात्र लागतातच, आणि ते फार बिनमहत्त्वाच्या जागी लपलेले असतात.

आमच्या बैठकीच्या खोलीत फरशीवर ओरखडे होते. चार-चारांचे तीन झुबके, एकमेकांपासून हात-दीड हात अंतरावर. वर्षानुवर्षं मी त्यावरून कुरकुर करत आले, खुर्ची उचलून ठेवा, ओढू नका. कोण ओढतं हे कधी कळलं नव्हतं. दुसऱ्या सबॅटिकलच्या पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी काही न करता तिथे बसले होते. साडेदहाला आई आली, खुर्ची खिडकीतून आलेल्या उन्हात ओढली आणि पाय उन्हात ठेवून बसली. अकराच्या सुमारास ऊन सरकलं, तशी ती उठली आणि खुर्ची हातभर पुढे ओढली. साडेअकराला पुन्हा. बारा वाजता ऊन भिंतीवर चढलं तेव्हा ती आत गेली. तीन झुबके, तीन थांबे. आई आमच्याकडे राहायला येऊन नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं ती रोज उन्हामागून फिरत होती आणि मला दिसले होते ते फक्त ओरखडे. त्या दुपारी तीनच्या खुंटीला मी खुर्चीच्या चारही पायांना जाड कापडाचे तुकडे चिकटवले. आई म्हणाली, 'आता आवाज होत नाही, तुला कळायचं नाही मी उठले ते.' तिला वाटत होतं मला ते इतकी वर्षं ऐकू येतच होतं.

दुसरा शोध नळाचा. मोरीतला नळ तीन वर्षं ठिबकत होता. 'वेळ मिळाला की बघते' हे माझं त्यावरचं ठरलेलं उत्तर. वेळ मिळाला, तरी पाच आठवडे बघितलं नाही. मग एका दुपारी मेन कॉक बंद केला, नळ खोलला, आतला रबरी वायसर काढला. झिजून त्यावर गोल खाच पडली होती. नवा बसवला, संपलं. चाळीस मिनिटं लागली, त्यातली पंचवीस पाना शोधण्यात. रात्री वहीत लिहिताना लक्षात आलं की तीन वर्षं अडलं होतं ते वेळेपायी नाहीच. वायसर कोणत्या मापाचा लागतो हे मला माहीत नव्हतं, आणि ते कोणाला विचारायची लाज वाटत होती. त्यानंतर मी 'वेळ नाही' म्हणून बाजूला ठेवलेल्या गोष्टींची एक यादीच केली आणि प्रत्येकीपुढे खरं कारण लिहिलं. सतरा गोष्टी होत्या. खरोखर वेळेअभावी राहिलेल्या चार. बाकीच्या कुठे भीती, कुठे संकोच, आणि सहा तर मला करायच्याच नव्हत्या.

या शेवटच्या सहांकडे तुम्ही जरा नीट बघा, कारण तुमच्या यादीतही त्या असणार. वाद्य शिकायचं तुम्ही कधी ठरवलं होतं? पंचविशीत? मग ती इच्छा त्या मुलाची आहे, तुम्ही ती नुसती सांभाळत आलात. माझ्याकडे न वाचलेल्या पुस्तकांची चळत होती. एकेक उघडून वीस पानं वाचायची आणि मग ठरवायचं असा नियम केला. निम्म्याहून जास्त पुस्तकं मी अशा बाईसाठी घेतली होती जी मी होईन असं मला वाटत होतं. ती बाई काही झाले नाही. पुस्तकं देऊन टाकली, आणि त्यानंतर खरं वाचन सुरू झालं. तुम्ही वाद्याला महिनाभर हात लावला नसेल तर स्वतःला दोष देण्याआधी एवढं विचारा, उद्या कोणी ते घेऊन गेलं तर हायसं वाटेल का?

आणखी एक गंमत मोकळ्या वेळेची. छोटं काम मिळेल तेवढी जागा व्यापतं. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये हे लिहून ठेवलं आहे, भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस घालवणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं उदाहरण देऊन. ऑफिसात असताना जेवणाच्या सुट्टीत भरून टाकलेला विम्याचा फॉर्म मी रजेत दोन दिवस भरत होते. यावर उपाय म्हणजे अशी कामं आठवड्यातल्या एकाच सकाळी कोंबायची. बुधवार फॉर्मांचा. इतर दिवशी फॉर्म समोर आला तर बुधवार म्हणायचं आणि ड्रॉवर लावायचा.

ऑफिसच्या फोनबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, त्यामुळे मला शंका येते. तुम्ही मेल बघत असणार. 'फक्त बघतो, उत्तर देत नाही' असं म्हणत असणार. २०१० मध्ये सबॅटिकलवर एक मोठा अभ्यास आला होता, डोव्ह ईडन, मिना वेस्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. रजेवर गेलेले १२९ प्राध्यापक आणि त्यांच्याशी मिळतेजुळते पण कामावरच असलेले १२९, अशी तुलना होती. रजेवर असलेल्यांची मनःस्थिती सुधारली, पण सर्वांची सारखी नाही. ज्यांचं मन कामातून खरंच सुटलं होतं आणि रजा आपल्या हातात आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांना जास्त फायदा झाला. मेल नुसती बघितल्याने मन सुटत नाही. वाचलेल्या मेलला उत्तर द्यायचं नाही म्हणजे ते उत्तर दिवसभर डोक्यात लिहीत बसायचं.

दुसऱ्या खेपेला मी फोनवरून मेल काढूनच टाकली. तरी अंगठा त्या जागेवर जायचाच. तिथे आता हवामानाचं ॲप सरकून आलं होतं. पहिल्या आठवड्यात मला हवेतली आर्द्रता किती टक्के आहे हे दिवसातून पंधरा वेळा माहीत असायचं. दहा-बारा दिवसांनी अंगठा थांबला. तुम्हीही काढा. आपोआप जाणाऱ्या उत्तरात तुमच्याऐवजी कोणाशी बोलायचं ते नाव घाला, आणि अगदीच जीवनमरणाचा प्रश्न आला तर फोन करावा असं एकाच सहकाऱ्याला सांगून ठेवा. मला आठ महिन्यांत असे दोन फोन आले. त्यातला एक कपाटाची किल्ली कुठे आहे हे विचारायला होता.

घरच्यांचं काय? 'घरच्यांना वाटतं मी मजेत आहे' हे तुमचं वाक्य मला सगळ्यांत खरं वाटलं. घरात दिवसाची एक चाल आधीपासून असते आणि तुम्ही अचानक तिच्या मधोमध येऊन उभे राहता. त्यांना तुमची अडचण होते, पण बोलवत नाही. तुम्हाला वाटतं आपल्याला गृहीत धरतात, तेही बोलवत नाही. 'तू घरीच आहेस ना, मग जरा...' या वाक्याने होणारी भांडणं मी फार ऐकली आहेत. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी रजेच्या दुसऱ्याच आठवड्यात घरच्या कामांची नव्याने 'सिस्टिम' बसवली होती. कोणी मागितली नव्हती. त्यांच्या पत्नीने तिसऱ्या आठवड्यात शांतपणे विचारलं, 'तुमची रजा वाढवता येते तशी कमीही करता येते का?' म्हणून एकदा समोरासमोर बसून दोनच गोष्टी बोला. दिवसातले कोणते तास तुमचे, जेव्हा तुम्ही घरी नाही असं सगळ्यांनी धरायचं. आणि घरातलं कोणतं एक काम या सहा महिन्यांपुरतं पूर्णपणे तुमचं, ज्यात कोणी डोकावायचं नाही. अर्धीमुर्धी मदत करू नका, तिचा त्रासच जास्त.

पैशाबद्दल एवढंच: महिन्याचा खर्च एकदा मांडा, रजेच्या शेवटापर्यंत पुरतो का पाहा आणि पुन्हा महिनाअखेरीलाच वही उघडा. रोज शिल्लक बघणाऱ्याला एकही दुपार मोकळी मिळत नाही.

अपराधीपणाबद्दल सांगायचं तर सबॅटिकल हा शब्द जिथून आला तिथवर जाऊ. त्याचं मूळ हिब्रू शब्बाथमध्ये, विसाव्याच्या सातव्या दिवसात. त्याच परंपरेत सातवं वर्ष जमिनीचं मानलेलं आहे. त्या वर्षी पेरणी करायची नाही, जमीन पड टाकायची, आणि आपसूक जे उगवेल ते कोणीही घ्यावं. विद्यापीठांनी हा शब्द फार उशिरा उचलला, हार्वर्डने १८८० मध्ये. तिथे त्याला संशोधनाची, पुस्तक लिहिण्याची अपेक्षा चिकटली, आणि आपण नोकरदारांनी शब्द घेताना ती अपेक्षाही उचलून आणली. पड टाकलेल्या रानात तणही उगवतं. शेतकरी त्याला वाया गेलेलं वर्ष म्हणत नाही.

तुमच्या दीड महिन्यात काहीच झालं नाही, हे मी मान्य करणार नाही. वही काढा आणि गेल्या सहा आठवड्यांत दिसलेल्या, आधी कधी न दिसलेल्या दहा गोष्टी लिहा. घरात दुपारी दोन वाजता कसले आवाज असतात? तुमच्या खोलीत ऊन किती वाजता येतं? कोण रोज एकाच वेळी समोरून जातं? दहा निघाल्या नाहीत तर तुम्ही घरी होतात, पण डोकं ऑफिसातच होतं. मग फोनचं आधी करा, बाकीचं नंतर.

आता लवकर परतण्याबद्दल. दोनच परिस्थितींत मी हो म्हणते. पैशाचं गणित खरोखर कोलमडलं असेल तर. किंवा खुंट्या ठोकून, त्या पाच-सहा आठवडे चालवूनही तुम्हाला तुमच्या कामाची, म्हणजे त्या कामातल्या एखाद्या ठरावीक गोष्टीची, ओढ लागलेली असेल तर. 'तिथे निदान दिवस जातो' ही ओढ नव्हे. आणि एक वेगळी सूचना: सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं सतत वाटत असेल, तर तो सबॅटिकलचा प्रश्न राहत नाही. तेव्हा डॉक्टरांना भेटा, आणि रजा संपायची वाट बघू नका.

यातलं काही नसेल तर आजपासून सहा आठवड्यांनंतरची एक तारीख कॅलेंडरवर लिहा. तिच्यापुढे 'परत जाऊ का?' एवढंच लिहा. तोवर हा प्रश्न मनात आला की त्याला ती तारीख सांगायची. पुढे परतायची वेळ येईल तेव्हा सोमवारी रुजू होऊ नका, बुधवारी किंवा गुरुवारी व्हा, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचाच राहील. साचलेल्या मेल वाचत बसण्याआधी एखाद्या सहकाऱ्याकडून अर्ध्या तासात काय काय बदललं ते ऐकून घ्या. तीन खुंट्यांपैकी कोणती एक नोकरीत टिकेल हे शेवटच्या महिन्यात आजमावून पाहा. माझं चालणं टिकलं नाही, दुपारचं काम तर नाहीच. वहीतल्या पाच ओळी टिकल्या, कधी कधी तीनच होतात.